दाढ काढली म्हणे, मुळं मात्र आतच

मावशींनी पदराची गाठ सोडून कागदाची पुडी टेबलावर उघडली. आत दाढेचा तुकडा होता, भिजवलेल्या हरभऱ्याएवढा. आठवडी बाजारात दात काढणाऱ्याने तो त्यांच्या हातावर ठेवून सांगितलं होतं, "घ्या मावशी, मुळासकट निघाली." त्याला सव्वा महिना झाला होता. आता उजवा जबडा खालून सुजला होता आणि जिथून दाढ निघाली म्हणायची तिथूनच पू येत होता.

मावशींच्या परवानगीने ही हकीकत लिहिली आहे, नाव-गाव वगळून. खानदेशात असे दात काढणारे बाजारच्या दिवशी अजूनही बसतात. काही तर पाटी लावून गाळ्यातही बसतात. त्यांच्या हाती आणखी कुणाची दाढ लागू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर.

झालं असं. कापूस वेचणीचे दिवस, रोज बुडवणं परवडणारं नव्हतं. खालची उजवी दाढ आठ दिवस ठणकत होती. बाजारात त्या माणसापुढे बसून मावशी म्हणाल्या, "भाऊ, दाढ भलती ठनकी ऱ्हायनी." त्याने बीपी विचारलं नाही, साखर विचारली नाही, कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही विचारलं नाही. हिरडीवर कसलासा स्प्रे मारला, मिनिटभरात पकड लावली आणि ओढली. कडकन आवाज आला. मग कंबरेत एक इंजेक्शन दिलं, पावडर आणि पातळ औषध कालवून जागेवरच प्लॅस्टिकचा दात बसवला, शेजारच्या दोन दातांना तारेने आवळला. दाढ काढायचे दोनशे, 'फिक्स' दाताचे बाराशे. पावती नाही.

या माणसाने फसवलं नेमकं कुठे, ते कळायला दाढेची मापं माहीत असावी लागतात. खालची पहिली मोठी दाढ टोकापासून टोकापर्यंत साधारण 20 ते 22 मिलिमीटर असते. त्यातला तोंडात दिसणारा भाग फक्त सात-आठ मिलिमीटर, बाकीची हाडात रुतलेली मुळं. पुढच्या दातांना बहुधा एक मूळ, खालच्या मोठ्या दाढांना दोन, वरच्या मोठ्या दाढांना तीन. मावशींच्या पुडीतला तुकडा जेमतेम नऊ मिलिमीटरचा होता. त्याची खालची बाजू फुटलेल्या कपासारखी धारदार होती आणि मधोमध काळपट भोक दिसत होतं. ते भोक म्हणजे दाताच्या नसेची पोकळी. पूर्ण निघालेल्या मुळाचं टोक असं नसतं. ते पिवळसर, गुळगुळीत आणि निमुळतं असतं, त्याला कधी मांसाचा लहानसा लोंबता तुकडा चिकटलेला असतो.

दाढ अशी तुटते का? कडक रानातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, सरळ वर ओढली तर जमिनीलगत मोडते, हे शेतात राबणाऱ्याला सांगायला नको. दाढेचंही तेच. मूळ हाडाला बारीक तंतूंनी जखडलेलं असतं. आधी हिरडी सैल करायची, मग एलेव्हेटर नावाचं चपटं हत्यार मूळ आणि हाड यांच्या फटीत घालून हळूहळू दाढ हलवायची, मग पकडीने गालाकडे आणि जिभेकडे असं डोलवत हाडाची खोबण रुंद करायची. ओढणं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. किडीने पोखरलेली दाढ थेट ओढली की अंड्याच्या टरफलासारखी वरची वर फुटते.

मग सव्वा महिना दुखलं का नाही, हा मावशींचा प्रश्न अगदी रास्त होता. दाढ फुटताना आतली नस तुटते, कोंडलेला दाब मोकळा होतो आणि ठणका थांबतो. कंबरेतलं इंजेक्शन अशा ठिकाणी बहुतेक वेळा वेदनाशामक आणि स्टेरॉइडचं असतं. स्टेरॉइडने सूज दोन-तीन दिवस दबते आणि साखर वाढते. मावशींना मधुमेह आहे, हे त्या माणसाला माहीतच नव्हतं. वरून प्लॅस्टिकचा दात चिकटवला, म्हणजे जखम झाकली गेली. आत काय राहिलं हे आरशात बघूनही कळणार नाही, अशी ती सोय होती. तो दात खरा फसवणुकीचा झाकणदात म्हणायला हवा. तो घासून साफ होत नाही, त्याखाली अन्न कुजतं, हिरडी सडते आणि तारेने आवळलेले शेजारचे धडधाकट दातही हलायला लागतात. मावशींची शेजारची दाढ हलत होती. दाढ काढल्यावर पक्का ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारा दात, बसवायचा तर हिरडी आणि हाड भरून येऊ द्यावं लागतं, त्याला साधारण दोन-तीन महिने जातात. पाच मिनिटांत 'फिक्स' दात देणाऱ्यापुढून सरळ उठून यावं.

आता नीट काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे फरक ओळखता येईल.

खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा प्रश्न यायला हवेत. बीपी, साखर, हृदयाचा आजार, झडपेचं ऑपरेशन, गरोदरपण, आधी कुठल्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाढेतून रक्त येतं ते दाबून थांबवता येतं, पण गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत रक्ताची गाठ अडकली तर ते भारी पडतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्या औषधांवर असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. मग एक्स-रे. मुळं वाकडी आहेत का, खालच्या दाढेच्या मुळाजवळून नस किती अंतरावर जाते, हे त्यातच दिसतं. आणि दाढ काढायलाच हवी का, रूट कॅनाल करून, म्हणजे आतली सडकी नस काढून पोकळी भरून, वाचेल का, हेही एक्स-रे समोर धरूनच विचारा.

उपाशीपोटी जाऊ नका. एकादशी, गुरुवार असा उपास धरून बायका येतात आणि सुई बघूनच घेरी येते. जेवून जा, नेहमीच्या गोळ्या घेऊन जा.

भुलेचं इंजेक्शन लिग्नोकेनचं असतं, बहुधा 2 टक्के, त्यात रक्त कमी यावं म्हणून थोडं अ‍ॅड्रिनॅलिन. सुई नवी, तुमच्यासमोर फोडलेली हवी. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला नसेजवळ इंजेक्शन देतात आणि तीन ते पाच मिनिटं, कधी जास्तही, थांबतात. खालचा अर्धा ओठ जाड, बधिर झाल्यासारखा वाटला म्हणजे भूल लागली. मग डॉक्टर टोकदार हत्याराने हिरडी टोचून बघतात. टोचणी लागली तर हात वर करा, भूल पुन्हा देता येते. दाब जाणवेल, हाडात करकर ऐकू येईल, ते भुलेने जात नाही. कळ मात्र यायला नको. नुसत्या स्प्रेने हिरडीची वरची कातडी बधिर होते, दाढ नाही. पू झाला असेल तर भूल नीट धरत नाही, म्हणून डॉक्टर कधी आधी पू काढतात किंवा काही दिवस औषध देऊन नंतर बोलावतात. ती टाळाटाळ समजू नका.

हत्यारं उकळून किंवा डेटॉलमध्ये बुडवून निर्जंतुक होत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली 121 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं ठेवावी लागतात. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फाडलं का, हे बघायला कुणाची परवानगी लागत नाही. बाजारातल्या पकडीवर आधीच्या माणसाचं रक्त असतं आणि त्यातून कावीळ बी, एचआयव्ही येऊ शकतो.

दाढ निघाली की ती बघायला मागा. हीच या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मुळं मोजा, टोकं बघा. प्रामाणिक डॉक्टरच्या हातूनही मूळ कधी मोडतं, त्यात गुन्हा नाही. तो ते लगेच सांगतो, एक्स-रे काढतो आणि मोडलेलं मूळ काढतो. टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा, पू नसलेला तुकडा नसेला अगदी खेटून असेल तर तो ठेवणंच शहाणपणाचं ठरतं, पण तेही तुम्हाला सांगून आणि कागदावर लिहून. न सांगता ठेवलेलं मूळ म्हणजे फसवणूक.

नंतर कापसाचा किंवा गॉजचा बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. जखमेत रक्ताची गाठ बसते, तिच्यावरच सगळं भरून येतं. म्हणून पहिले 24 तास थुंकणं नाही, चूळ नाही, नळीने ऊसाचा रस ओढणं नाही. लाळ गिळा. गालावर बाहेरून बर्फ दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. दहीभात, गार दूध, कुस्करलेलं केळं चालेल. शेवभाजीचा झणझणीत रस्सा आणि कळण्याची भाकरी चार दिवस लांब. उन्हात ओझी उचलू नका, रक्त पुन्हा सुरू होतं. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलक्या गुळण्या करा. तंबाखू, मिसरी, गुटखा, बिडी निदान तीन दिवस बंद, आठवडाभर बंद ठेवली तर उत्तम.

तंबाखू लवकर सुरू केली की ती गाठ निघून जाते, हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका जातो, तोंडाला घाण वास येतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून हे जात नाही. जखम धुऊन त्यात औषधी पट्टी भरावी लागते. सूज दोन दिवस वाढते, मग उतरते, त्याला घाबरू नका. पण ताप, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, हनुवटीखाली कडक सूज, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, थेट जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. ती सूज श्वास बंद करू शकते.

दाढेतली 'कीड' काढणारेही याच बाजारात असतात. धूर देतात, बोळा फिरवतात आणि बोळ्यातून वळवळती अळी दाखवतात. दात जिवाणूंच्या आम्लाने किडतो. डोळ्याला दिसणारी अळी त्यात नसते. ती आधीच कापसात दडवलेली असते.

पाटी असली म्हणून निर्धास्त होऊ नका. दात काढायला बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी लागते. नोंदणीशिवाय दंतचिकित्सा करणं कायद्याने गुन्हा आहे. "आमच्या घरात तीन पिढ्यांपासून हेच काम" याला कायद्यात काही अर्थ नाही. डेंटल मेकॅनिकने कवळी लॅबमध्ये बनवायची, तोंडात हात घालायचा नाही. काही ठिकाणी भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं असतं आणि हात दुसऱ्याचा. प्रमाणपत्रावरचं नाव वाचा आणि समोरच्याला त्याचं नाव विचारा.

मावशींची साखर तपासली, प्लॅस्टिकचा दात आणि तार कापून काढली. एक्स-रेत दोन मुळं उभीच होती, टोकाशी हाडात काळी सावली. आधी पू काढून औषध सुरू केलं, साखर आटोक्यात आल्यावर हिरडी उघडून मुळं एकेक वेगळी करून काढली, तीन टाके घातले, सातव्या दिवशी ते काढले. शेजारची दाढ अजून हलते, ती टिकेल का हे काही महिन्यांनी कळेल.

तक्रारीच्या वेळी मावशींकडे पावती नव्हती, पण मुलाने बाराशे रुपये फोनपेवरून दिले होते. त्या नोंदीत नंबर आणि तारीख आहे. शिवाय पुडीतला तुकडा, तारीख असलेला एक्स-रे, कापलेल्या दाताचा फोटो. एवढं जपून ठेवा. बोगस माणसाची लेखी तक्रार तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलीस ठाण्यात द्यायची आणि शिक्का मारलेली प्रत घ्यायची. नोंदणी असलेल्या डॉक्टरने फसवलं असेल तर राज्य दंत परिषदेकडे. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. काय करावं सुचत नसेल तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मावशींचा अर्ज दिला गेला आहे, आणि ती पुडी आता त्या अर्जाच्या फाइलसोबत घरात जपून ठेवली आहे.