लॅमिनेट केलेली पावती

घरपट्टी भरल्याची पावती माझ्याकडे आहे. तारीख 31 मार्च 2024, रक्कम 40,000, खाली गोल निळा शिक्का आणि वाचता न येणारी सही. सगळं कसं जिथल्या तिथं. फक्त ती पावती महापालिकेनं दिलेली नाही.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी आहे. सत्तावीस वर्षं दुसऱ्याच्या चोपड्या लिहितोय. मालाच्या हिशोबपट्टीवर सही नसेल तर मालकाच्या भावालाही पोतं हलवू देत नाही, अशी आमची ख्याती. त्यामुळं फसलो हे कळल्यावर पहिले काही आठवडे मी घरच्यांशिवाय कुणाला काही बोललो नाही. लोक हसतील म्हणून. त्या गप्प बसण्याचा फायदा कुणाला झाला, ते पुढं सांगतो.

आमचं घर गावभागात, वडिलार्जित. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट, म्हणजे आमच्या घरात किती पाणी असेल याचा हिशोब करा. वडिलांची पत्र्याची ट्रंक खालच्या खोलीत होती. आठ दिवसांनी उघडली तर वीस-पंचवीस वर्षांच्या पावत्यांचा लगदा झालेला, पिठल्यासारखा. तेव्हापासून बायकोनं धसका घेतला. घरात येणारा प्रत्येक कागद लॅमिनेट करायचा. रेशन कार्ड, लसीकरणाचं पत्रक, अगदी मिक्सरची गॅरंटीसुद्धा.

पुरानंतर हात आखडला. पुढच्या वर्षी कोरोना आला, 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी. घरपट्टी मागं पडत गेली. बिल अजून वडिलांच्याच नावावर निघायचं, ते 2016 मध्ये गेले. ‘नाव लावून घेऊ, मग एकदमच भरू’ असं मीच मला सांगत राहिलो. थकबाकीवर शास्ती, म्हणजे दंड, चढते ती दरमहा दोन टक्क्यांनी, हे मला माहीत नव्हतं असं नाही. व्याजाचा हिशोब तर माझा धंदाच.

मला फसवणारा माणूस आमच्याच भागातला. 2019 च्या पुरात त्यानं गल्लीतल्या निम्म्या लोकांचे पंचनाम्याचे अर्ज भरून दिले होते, एक रुपया न घेता. मंडळाच्या आरतीला पुढं, मयतीला खांदा द्यायला पुढं. महापालिकेत रोज चक्कर असायची. कुणाचा जन्मदाखला, कुणाचं नळ कनेक्शन. तो कर्मचारी नव्हता, पण आम्ही सगळे त्याला तिथलाच धरून चाललो होतो, आणि त्यानं कधी दुरुस्त केलं नाही. परक्या माणसाला मी पाचशे रुपये दिले नसते. हा तर पुरात कंबरभर पाण्यातून माझ्या आईला दूध आणून देणारा. ते दूध खरं होतं, हेच अवघड जातं.

मार्च सुरू झाला की वसुलीचा जोर वाढतो. रिक्षावरून पुकारा, थकबाकीदारांचे नळ तोडणार. माझं बिल 58,400, त्यात शास्तीच 24,400. तो संध्याकाळी घरी आला, चहा घेतला, बिल हातात धरून म्हणाला, “काका, तुमी कशाला रांगेत उभारताय? अभय योजना येणाराय. शास्ती पंचाहत्तर टक्के माफ. मी आत सांगून ठेवतो.” कागदावर आकडा मांडला: चौतीस हजार मूळ, सहा हजार शंभर शास्ती. “चाळीस द्या, वरचे शंभर राहू देत.” शंभर रुपये सोडणाऱ्या माणसाचा संशय येत नाही. वडिलांचं नाव काढून माझं लावायचे आणखी पाच हजार.

‘आत सांगून ठेवतो’ हे ऐकून मी तिथंच थांबायला हवं होतं. मला उलट बरं वाटलं. आपली ओळख आहे, आपण रांगेत नाही, याची गंमत वाटली, हे कबूल करतो.

पावती रविवारची होती. वर्षाअखेरीला सुटीच्या दिवशीही भरणा सुरू असतो, म्हणून ते खटकलं नाही. खटकायला हवं होतं ते वेगळंच. पावतीवर मालमत्ता क्रमांक पेननं लिहिलेला होता, बाकी सगळं छापील. बायकोनं दुसऱ्या दिवशी ती लॅमिनेट करून आणली.

ऑगस्टमध्ये नवीन बिल आलं. वडिलांचंच नाव, जुनी थकबाकी जशीच्या तशी, वर शास्ती. चौतीस हजारांवर महिन्याला 680 रुपये शांतपणे चढत होते. त्याला फोन केला. “काका, कॉम्प्युटरला यायला वेळ लागतो.” पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग फोन बंद.

मग मी महापालिकेत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पावती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. त्या क्रमांकाची पावती निघालेली होती, पण दुसऱ्याच मालमत्तेची आणि दोन हजारांची. त्या वर्षी अभय योजनेचा आदेश निघाला आहे का, एवढंही मी विचारलं नव्हतं. अशी सवलत रीतसर आदेशानं निघते, मुदतीसह जाहीर होते आणि सगळ्यांनाच मिळते. ती ‘करून देणारा’ कुणी नसतो.

मी गप्प राहिलो तो काळ हाच. शेवटी गणपतीत शेजारच्या वहिनींपाशी विषय काढला. त्या आत गेल्या आणि देवाच्या फोटोमागून एक पावती घेऊन आल्या. क्रमांक तोच. संध्याकाळपर्यंत गल्लीत सात पावत्या निघाल्या, सगळ्यांवर एकच क्रमांक. त्यातल्या दोन मला ऑगस्टमध्ये कळल्यानंतरच्या. मी बोललो असतो तर त्या दोन घरांचे पैसे वाचले असते. त्यातली एक बाई धुणीभांडी करते.

आता जे मी करतो ते सांगतो. पैसे खिडकीवर किंवा ऑनलाइन, रोख दुसऱ्याच्या हातात नाही. पावती मिळाली की त्याच आठवड्यात मालमत्ता क्रमांक देऊन थकबाकी नसल्याचा दाखला मागायचा. पावती खोटी असली तर दाखला निघतच नाही. वारसनोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकी वारसांची संमती लागते. माझ्या बहिणीची सही त्यानं मागितलीच नव्हती, तिथंच उमगायला हवं होतं. आणि काम रेंगाळतं म्हणून एजंट गाठायचा असेल तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कुठली सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात, कुठला अधिकारी, हे कार्यालयात फलकावर लावावं लागतं. मुदत टळली तर अपील करता येतं. तो फलक जिन्याजवळच होता. मी त्याला टेकून त्या माणसाची वाट बघत उभा राहिलोय, एकदा नाही, तीनदा.

आम्ही सातही जण एकत्र पोलीस ठाण्यात गेलो. एकट्यानं जाण्यापेक्षा फरक पडतो. माझी फसवणूक मार्चमधली, म्हणजे 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू होण्याआधीची, म्हणून जुनं कलम 420. नंतरच्यांना संहितेचं 318. त्याची मोटारसायकल जप्त झाली, पैसे नाहीत. खरी घरपट्टी मी तीन हप्त्यांत भरली, शास्तीसह.

जबाब लिहून झाल्यावर फौजदारांनी माझी पावती पंख्याखाली धरून वाकवून पाहिली. “इतरांच्या पावत्यांवरची शाई, शिक्का तपासायला जाईल,” ते म्हणाले. “हे प्लास्टिक कुणी केलं ओ?”

बायको शेजारीच बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला.