दोन डेव्हिड: दोनातेल्लोचा आणि मेर्सिएचा

बायबलच्या कथेत गोलियथ या धिप्पाड योद्ध्याला मारणाऱ्या पोराचे, डेव्हिडचे, हे दोन पुतळे. दोघांच्याही पायाशी गोलियथचं मुंडकं, हातात तलवार. फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयातला इटालियन शिल्पकार दोनातेल्लोचा पंधराव्या शतकातला डेव्हिड डोक्यावर टोपी, पायात बूट, बाकी उघडा, कमरेवर हात ठेवून निवांत उभा आहे. लढाई जणू दुसऱ्याच कुणी केली! फ्रेंच शिल्पकार आँतोनँ मेर्सिएचा ब्राँझ डेव्हिड (१८७२, आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात) मात्र तलवार म्यान करतोय. उचललेला हात, वळलेलं अंग, खाली झुकलेली नजर. काम नुकतंच उरकलंय हे कळतं. १८७१ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याकडून हरलेल्या फ्रेंचांना हा पोरगा आपला वाटला, यात नवल नाही. बार्बेदिएनच्या ओतशाळेने त्याच्या छोट्या प्रतिकृती दिवाणखान्यांत पोचवल्या. कसब मेर्सिएचं डोळ्यांत भरतं. मी पुन्हा पाहायला जाईन तो मात्र दोनातेल्लोचा.