थायलंडचा टीडीएसी फॉर्म फुकट असतो, एक रुपयाही देऊ नका

सुट्टीत बँकॉक-फुकेत करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. आमचे 17 हजार गेलेत, आणि तेही जी गोष्ट थायलंड सरकार फुकट देतं तिच्यासाठी.

1 मे 2025 पासून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला टीडीएसी म्हणजे डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, तान्ह्या बाळाचंसुद्धा. हा व्हिसा नाही. आम्ही गेलो तेव्हा आपल्या पासपोर्टला 60 दिवस व्हिसा लागतच नव्हता, पण हे साइटवाले मुद्दाम दोन्हीची खिचडी करतात, 'मंजुरी', 'अर्जंट प्रोसेसिंग' असलं काहीबाही लिहितात की घरातली मोठी माणसं घाबरलीच पाहिजेत.

नवऱ्याने गुगलवर शोधलं तर सगळ्यात वर जाहिरातीतली साइट. थायलंडचा झेंडा, नावात टीडीएसी, प्रश्नही अगदी खऱ्या फॉर्मातलेच, पासपोर्ट नंबर, फ्लाइट नंबर, हॉटेलचा पत्ता, मागच्या दोन आठवड्यांत कुठल्या देशात होतात वगैरे, आणि चौघांचं सगळं टाइप करून झालं की मग शेवटच्या पानावर डॉलरमध्ये माणशी रक्कम. 'आम्ही सरकारी नाही' ही ओळ आहे, पण पार तळाशी, फिकट राखाडी बारीक अक्षरात, सासऱ्यांना चष्मा लावूनही दिसेना. वरून कार्डाच्या बिलात फॉरेन मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार, आणि त्यावर जीएसटी.

क्यूआर कोड मेलवर आला, चाललाही. सुवर्णभूमी एअरपोर्टच्या रांगेत मागचे नागपूरचे काका म्हणाले, "अहो ताई, ते तर फुकट असतं", तेव्हा कळलं. काम होतं ना, म्हणून लोक फी समजून सोडून देतात आणि यांचं दुकान चालू राहतं. मला जास्त संताप याचा येतो की चौघांच्या पासपोर्टची माहिती आता कोणाकडे आहे देव जाणे.

खरी साइट टीडीएसी डॉट इमिग्रेशन डॉट जीओ डॉट टीएच. शेवटी जीओ डॉट टीएच नसेल तर लगेच बंद करा. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचं असतं, महिनाभर आधी 'आत्ताच भरा' म्हणणारा पैसे उकळणाराच समजा. आणि तुमचे परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक इकडे येत असतील तर त्यांनाही सांगा, भारताच्या ई-व्हिसाच्या नावानेही अशाच साइट्स आहेत, आपली सरकारी साइट जीओव्ही डॉट इनवर संपते.

आम्ही कार्ड ब्लॉक करून बँकेत डिस्प्यूट टाकलाय आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीये. तुमचेही असे पैसे गेले असतील तर पेमेंटच्या पानाचा आणि त्या तळाच्या ओळीचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, बँक तोच मागते.