अथेन्समध्ये प्रौढ निर्वासितांना इंग्रजी शिकविणे: स्वयंसेवक पाठविणाऱ्या एका सेवेचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात मी अथेन्समध्ये आठ आठवडे प्रौढ निर्वासितांना इंग्रजी शिकविले. ज्या संस्थेला शुल्क भरून मी गेले, तिच्या सेवेविषयी खानापूर-निपाणी भागातील इच्छुक शिक्षकांना आधीच कल्पना असावी, म्हणून हे लिहीत आहे.

राहण्याची सोय स्वच्छ होती आणि वर्ग चालत जाण्याजोग्या अंतरावर होता. शुल्कात विमानभाडे, व्हिसा आणि विमा धरलेला नाही, हे मात्र पैसे भरल्यावर कळले. ग्रीससह युरोपातील बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि बोटांचे ठसे देण्यासाठी मला बेळगावहून बेंगळुरू गाठावे लागले.

खरी उणीव तयारीत होती. शिकविण्याचा अनुभव आवश्यक नाही असे सांगून संस्थेने तासाभराच्या ऑनलाइन ओळखीवर आमची बोळवण केली. माझ्या वर्गात दरी ही भाषा बोलणारे अफगाण आणि अरबी बोलणारे सीरियन होते. त्यांची लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, तिच्यात आपल्या देवनागरीप्रमाणेच मोठी-लहान अक्षरे नसतात, आणि अरबीत 'प' नसल्यामुळे 'पेपर'चा 'बेबर' होतो, यांपैकी काहीही आम्हांला सांगितलेले नव्हते. दिलेल्या पुस्तकाचा पहिलाच धडा कुटुंबावर होता. 'तुम्हांला भाऊ किती?' या प्रश्नावर एका गृहस्थांनी वही मिटली आणि ते उठून बाहेर गेले. ते पुस्तक मी पुन्हा उघडले नाही.

पुढचे धडे मी औषधाची चिठ्ठी, बसचे वेळापत्रक आणि नाव-जन्मतारखेचा अर्ज यांवर बेतले. देशात आश्रय मिळावा म्हणून द्याव्या लागणाऱ्या सरकारी मुलाखतीला दुभाषी मिळतो, औषधाच्या दुकानात मिळत नाही. तहसील कचेरीत कन्नड उताऱ्यावर बोट ठेवून 'यात माझ्या वडिलांचे नाव कुठे आहे?' असे ज्याला विचारावे लागले आहे, त्या सीमाभागातील माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. मुलाखतींच्या तारखांमुळे हजेरी रोज बदलत असे, म्हणून प्रत्येक तास त्या दिवसापुरता पूर्ण होईल असा आखावा लागे.

ही संस्था दोन आठवड्यांसाठीही स्वयंसेवक घेते, हे मला सर्वांत खटकले. एका बाईंच्या वहीत 'माझे नाव' हाच धडा चार निरनिराळ्या शिक्षकांनी चार वेळा घेतलेला होता. निदान सहा आठवड्यांची रजा मिळत असेल आणि धडे स्वतः बेतण्याची तयारी असेल, तरच या सेवेचे शुल्क भरावे.