वॉरंटाच्या सहीआधी: फरार संशयिताची खबर देण्याच्या अमेरिकन पद्धतींची तुलना

तुम्ही अमेरिकेत राहता, शहराच्या पोलीस सल्लागार समितीवर तुमची नेमणूक झाली आहे आणि पुढच्या बैठकीच्या कागदांत एक प्रश्न आहे. गंभीर गुन्ह्यातला संशयित हत्यारासह पसार आहे आणि न्यायाधीशाची सही अजून झालेली नाही. अशा वेळी आपल्या पोलिसांनी त्याची खबर इतर पोलिसांपर्यंत कोणत्या रूपात पोचवावी? खात्याचे अधिकारी सांगतील की सगळ्या पद्धतींचा हेतू एकच. ते खरंही आहे. पण कागदावर सही कोणाची, नोंद किती काळ जिवंत राहते आणि ती वाचून रस्त्यावरचा पोलीस नेमकं काय करू शकतो, या तीन बाबतींत त्या एकमेकींपासून खूप दूर आहेत. निवड करायची ती या तीन कसोट्यांवर.

फेलनी म्हणजे ढोबळमानाने वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल असा गुन्हा. त्यात सबळ कारण (याच माणसाने गुन्हा केला असं मानायला पुरेसा आधार) असेल तर सार्वजनिक जागी वॉरंटाशिवाय अटक करता येते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 च्या वॉटसन खटल्यात मान्य केलं. 1980 च्या पेटन खटल्यात मात्र घराच्या उंबऱ्यावर रेघ ओढली: आणीबाणी किंवा संमती नसेल तर अटकेसाठी आत शिरायला वॉरंट हवंच. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटाशिवाय पकडतात हे आपण भारतात पाहत आलोय, त्यामुळे यातल्या पहिल्या भागाचं आपल्याला नवल वाटत नाही. अमेरिकेतला खरा वाद वेगळा आहे. एका गावच्या पोलिसाला जे वाटलं, त्यावर दुसऱ्या गावच्या पोलिसाने कितपत विसंबावं?

सगळ्यात हलकी पद्धत म्हणजे बोलो, 'लक्ष ठेवा' अशी सूचना. तिची कायदेशीर ताकद 1985 च्या हेन्सली खटल्यात ठरली. डिसेंबर 1981 मध्ये ओहायोतल्या सेंट बर्नार्ड या गावी एका दारूच्या गुत्त्यावर सशस्त्र दरोडा पडला. खबऱ्याकडून नाव कळल्यावर तिथल्या पोलिसांनी आजूबाजूच्या खात्यांना पत्रक पाठवलं: हा इसम चौकशीसाठी हवा आहे, सशस्त्र आणि धोकादायक समजा. वॉरंट निघालेलंच नव्हतं. काही दिवसांनी नदीपलीकडच्या केंटकीतल्या कव्हिंग्टनच्या पोलिसांनी त्याची गाडी थांबवली आणि वॉरंट आहे का, याची रेडिओवर विचारणा चालू असतानाच गाडीत पिस्तूल सापडलं. पत्रक काढणाऱ्या खात्याकडे वाजवी संशय (सबळ कारणाहून कमी, पण ठोस गोष्टींवर बेतलेला) असेल, तर ते वाचून दुसऱ्या खात्याने थोडा वेळ थांबवणं, ओळख विचारणं आणि हत्याराची काळजी घेणं वैध आहे, असा निकाल एकमताने लागला. मात्र केवळ वाजवी संशयावरच्या पत्रकाने अटकेचा अधिकार मिळत नाही. शिवाय 1971 च्या व्हाइटली खटल्यापासून हेही ठरलेलं आहे की रेडिओवरच्या खबरीमागचं मूळ कारणच अपुरं असेल, तर ती ऐकून दुसऱ्याने केलेली अटकही टिकत नाही. लहान खात्यांना बोलो आवडतो, कारण त्यात कागद कमी. माझ्या मते त्याचा खरा गुण त्याच्या मर्यादित ताकदीत आहे.

दुसरी पद्धत 'टेम्पररी फेलनी वॉन्ट'. 1967 पासून एफबीआय चालवत असलेल्या एनसीआयसी या राष्ट्रीय संगणकीय नोंदवहीत ती करता येते. अटी कडक आहेत: गुन्हा फेलनीच हवा, याच माणसाने तो केला असं मानायला आधार हवा, आणि वॉरंट लगेच मिळणं परिस्थितीमुळे अशक्य हवं. शुक्रवारी रात्री संशयित राज्याची हद्द ओलांडायच्या बेतात आहे, हा त्यातला नेहमीचा प्रसंग. नोंद होताच देशभरातल्या गस्तीच्या गाड्यांना ती दिसते आणि 48 तासांनी आपोआप निघून जाते. तोवर वॉरंट मिळवून नेहमीची नोंद करायची जबाबदारी मूळ खात्याची. पडद्यावर नाव उमटलं म्हणून लगेच बेड्या घालता येत नाहीत. माणूस तोच आहे का आणि तो अजून हवा आहे का, हे नोंद करणाऱ्या खात्याला विचारावं लागतं, आणि तातडीच्या प्रसंगी त्या खात्याने दहा मिनिटांत उत्तर द्यायचं असतं. म्हणजे रात्री तीन वाजताही फोनपाशी माणूस हवा. तुमच्या शहराला ते परवडणारं आहे का, हा बैठकीत विचारण्यासारखा प्रश्न आहे.

तिसरी पद्धत दिसायला हिच्यासारखीच, पण तिच्यात घड्याळ नाही. मिझुरीतल्या सेंट लुइस परिसरात पोलीस अधिकारी स्वतःच्या अखत्यारीत 'वॉन्टेड' काढत, न्यायाधीशाकडे न जाता. नाव प्रादेशिक संगणकात जाई, कोणताही पोलीस त्यावर उचली, आणि मिझुरीच्या कायद्याने आरोप न ठेवता 24 तासांपर्यंत डांबून ठेवता येई. अमेरिकी न्याय खात्याने सेंट लुइसजवळच्या फर्ग्युसन शहराच्या पोलिसांवरच्या मार्च 2015 च्या अहवालात या पद्धतीवर कोरडे ओढले. वॉरंट मिळण्याइतका पुरावा नसतानाही वॉन्टेड काढले जातात, हे तिथल्या पोलिसांच्याच बोलण्यातून पुढे आलं होतं. पुढे सेंट लुइस काउंटीवरचा खटला आठव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय अपील न्यायालयात गेला. 2022 मध्ये त्या न्यायालयाने पद्धत सरसकट घटनाबाह्य ठरवली नाही, पण तिच्यात घटनाभंगाचा मोठा धोका आहे असं बजावलं. तुमच्या खात्याचा वकील यातलं पहिलं अर्धं वाक्य वाचून दाखवेल. दुसरं तुम्ही वाचा.

न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांचं आय-कार्ड, म्हणजे तपासात हव्या असलेल्या माणसाच्या नावाने पोलिसांनीच काढलेलं कार्ड, याच कुळातलं, पण त्यात एक बरी गोष्ट आहे: 'अटकेला सबळ कारण आहे', 'फक्त संशयित' आणि 'साक्षीदार' असे प्रकार कार्डावरच वेगळे असतात. मग तिथले डिटेक्टिव्ह वॉरंटाऐवजी कार्ड का पसंत करतात? नुसत्या घाईमुळे नव्हे. न्यूयॉर्क राज्यात अटकेच्या वॉरंटासाठी आधी न्यायालयात आरोपपत्रासारखा कागद दाखल करावा लागतो, आणि तो दाखल झाला की संशयिताचा वकील मिळण्याचा हक्क पक्का होतो. राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हे 1980 च्या सॅम्युएल्स निकालात ठरवून दिलं आहे. त्यानंतर वकील हजर असल्याशिवाय जबाब घेता येत नाही. कार्डावर पकडलं तर ही अडचण टळते. 'वॉरंटाला वेळ लागतो' हे कारण कोणी पुढे केलं, की आपल्या राज्यात वॉरंट घेतल्याने पोलिसांचं आणखी काय जातं, तेही विचारून घ्या.

आणि वेळ लागतो म्हणजे किती? फोनवरून झडतीचं वॉरंट घेण्याची सोय केंद्रीय नियमांत 1977 पासून आहे, आणि आता अनेक राज्यांत अर्ज संगणकावरून न्यायाधीशाच्या फोनवर जातो. 2013 च्या मॅकनीली खटल्यात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी युटा राज्याचा दाखला दिला होता: तिथे काही न्यायाधीशांनी पाच मिनिटांतही वॉरंट दिलं आहे. तो विषय दारू पिऊन गाडी चालवल्याचा संशय असलेल्याच्या रक्ततपासणीचा होता. अटकेच्या अर्जात मजकूर जास्त, सरकारी वकिलाचा हात फिरायचा असतो, त्यामुळे तितकी चपळाई धरून चालू नका. तरीही तुमच्या काउंटीत रात्रपाळीचा न्यायाधीश फोनवर मिळत असेल, तर बाकीच्या पद्धतींची गरज फार थोड्या रात्री पडेल. वॉरंट असलं की संशयिताच्या स्वतःच्या घरातही शिरता येतं, जे वरच्या तिन्हींच्या जोरावर जमत नाही. पोलिसांना पटवताना हाच मुद्दा सगळ्यात उपयोगी पडतो.

धोक्याची खूण ही आणखी वेगळी बाब आहे आणि चर्चेत ती हमखास अटकेच्या अधिकारात मिसळते. एनसीआयसीत तिच्यासाठी स्वतंत्र रकाना आहे: सशस्त्र, हिंसक वृत्तीचा, आत्महत्येचा धोका, इतकंच काय, मार्शल आर्टमध्ये तरबेज अशीही खूण आहे. ही खूण पकडणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी असते, पुराव्यात ती काडीचीही भर घालत नाही. पण ती वाचून पोलीस बंदूक हातात घेऊनच गाडीजवळ जातो. म्हणून खूण करणाऱ्याने एका ओळीत आधार लिहिलाच पाहिजे: गुन्ह्यात पिस्तूल दिसलं, की नुसता जुना लौकिक?

माझा कौल सांगतो. फोनवर न्यायाधीश मिळत असेल तिथे आधी वॉरंट. मिळत नसेल, गुन्हा हिंसक असेल आणि माणूस हद्दीबाहेर निसटण्याची खरी भीती असेल, तर 48 तासांचा टेम्पररी वॉन्ट, वरिष्ठाच्या सहीने आणि कारणासह. नुसता संशय असेल तर बोलो, त्यावर 'थांबवा, ओळख पटवा, अटक नको' असं ठळक लिहून. घड्याळाविना चालणाऱ्या वॉन्टेडला मी मत देणार नाही. ठरावात ते हवंच असा आग्रह झाला, तर मुदत 48 तासांवर आणा आणि नोंद कोण पुसणार त्या हुद्द्याचं नाव ठरावातच घाला. नोंद वेळेत पुसली नाही तर काय होतं पाहा: 2009 च्या हेरिंग खटल्यात अलाबामातल्या एका काउंटीच्या संगणकात वॉरंट तसंच राहिलं होतं, पाच महिन्यांपूर्वी मागे घेतलेलं असूनही. चूक दहा-पंधरा मिनिटांत उघडी पडली, पण तोवर अटक आणि झडती होऊन गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्या झडतीत सापडलेला पुरावा ग्राह्य धरला.