कोर्ट सांभाळून शिकवायचं की पूर्णवेळ प्राध्यापकी?

फोंड्याची भाची एलएलएम झाली, सध्या एका फौजदारी वकिलाकडे ज्युनियर आहे. तिला वकिली आणि शिकवणं दोन्ही हवंय.

आधी नियम. वकिली चालू ठेवून कायदा शिकवायला १९७९च्या नियमांनी मुभा दिली आहे, पण दिवसाला तीन तासांपर्यंतच. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते.

पैसा: प्राध्यापकाचा पगार ठरलेला. तासिकेवरचं मानधन मात्र पेट्रोल भागवण्यापुरतं धरावं. खरी कमाई पक्षकारांची, आणि आरोपी गरीब असला की तीही रखडते.

वेळ: इथेच खरी ओढाताण. सकाळी मिरामारच्या किंवा मडगावच्या लॉ कॉलेजात तास आणि म्हापशाच्या कोर्टात उलटतपासणी. बोर्डावर नंबर कधी लागेल सांगता येत नाही. रिमांड तर शनिवार-रविवारही पाहत नाही.

शिकवण्याचा दर्जा: इथे वकील उजवा. किलोहून जास्त चरस सापडला की अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या कलम ३७मुळे जामीन का अडतो, हे पुस्तकातून कळतं. पंचनाम्यात, जप्त मालाच्या सीलमध्ये फट कुठे शोधायची, हे कोर्टातच. १ जुलै २०२४पासून नवी न्याय संहिता आल्यावर तर जुन्या-नव्या कलमांची कसरत वकिलाला रोजचीच. संशोधनाला सवड मात्र प्राध्यापकालाच.

घरी कर्जाचा हप्ता असेल, लिहिण्या-वाचण्याची ओढ असेल तर नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी. साक्षीदारासमोर उभं राहायची खुमखुमी असेल तर वकिली, आणि जोडीला आठवड्याला दोन-तीन तास. भाचीला मी हा दुसरा पर्यायच सुचवलाय. तिच्या आईला तो पटलेला नाही.