केबल फेरी: फोटोवाल्यांनी पुढच्या टोकालाच उभं राहा

कॅनडात व्हँकुव्हर बेटावरच्या बकली बेहून डेन्मन नावाच्या छोट्या बेटावर जायला ही केबल फेरी, म्हणजे पाण्यातल्या केबलच्या जोरावर ओढली जाणारी बोट आहे, २०१६ पासून चालू, अंतर जवळपास २ किमी म्हणजे केबल फेरीच्या मानाने भलतंच लांब. एकूण ३ केबल, एक ओढते आणि बाकीच्या दोन बोटीला वाट सोडू देत नाहीत. पाणी मागे ढकलणारा पंखा (प्रोपेलर) नाहीच त्यामुळे मागे पांढरा फेसही नाही, आणि मी येडा मागेच कॅमेरा लावून बसलेलो 😄 खरा फोटो पुढे, पाण्यातून निथळत वर येणारी केबल! शटर फास्ट ठेवा नाहीतर थेंबांच्या नुसत्या रेघा येतात. दहाएक मिनिटांत पलीकडे, लेन्स बदलत बसलात की संपलं. मी येतानापण बसलो, तेव्हा कुठे दोन फोटो धड आले.